बेलापूरच्या घरावर अकोल्यात गिरणी

आप्पासाहेबांची भाताची गिरणी विकायला निघाली, हे मनकर्णाला कळलं तेव्हा ती माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. सूप तिथंच टाकून ती ताडकन उठली. "मीच घेते!" म्हणाली. चपला घालायचंही तिला सुचलं नाही. तशीच पेठेतून गेली आणि आप्पासाहेबांना सांगून आली, "दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका."

मी तिची शेजारीण. संगमनेरपलीकडच्या या अकोल्यात आमच्या घरांची मधली भिंत एकच. तिचा नवरा रंगनाथ एसटीत ड्रायव्हर. मूळची ही माणसं श्रीरामपूरजवळच्या बेलापूरची. तिथं त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून तीन खोल्यांचं घर बांधलं आणि रंगाचा वास जातो न जातो तोच रंगनाथची बदली इकडं झाली. घर भाड्यानं दिलं. ऊस-गव्हाच्या मुलखातून आलेल्या मनकर्णाला इथल्या तांदळाच्या वासानं वेडच लावलं. भंडारदऱ्याकडच्या वाड्यांवर जीपनं जायचं, भात घ्यायचं, गिरणीत भरडायचं आणि बेलापूर-श्रीरामपूरच्या ओळखीच्या घरी पोचवायचं, असा तिचा धंदा हळूहळू जमला. दुखणं एकच. आप्पासाहेबांच्या जुन्या यंत्रात दाणा फार तुटायचा. "असला मोत्यासारखा तांदूळ, आन त्याची कणी करून ठेवत्यात," म्हणत ती हळहळायची.

आता आप्पासाहेब थकले होते. शेड, वीजजोडणी, बांधलेलं गिऱ्हाईक, सगळं देऊन टाकणार होते. एका हॉटेलवाल्याचाही त्या जागेवर डोळा होता. रानात भात पिवळं पडलं होतं. "सोंगणी उरकायच्या आत ठरव, पोरी," आप्पासाहेब म्हणाले.

रंगनाथ कामावरून आला, तेव्हा त्याला पाणीसुद्धा पिऊ न देता तिनं बेत सांगितला. बेलापूरच्या घरावर नवीन कर्ज काढायचं.

"घर परत गहाण?" तो म्हणाला. "आगं, पयलंच फिटंना अजून."

"आवो, गहाण तर ते आत्ताबी हायेच. फक्त पतसंस्थेकडं हाय, तिथलं व्याज जड. बँक त्यांचं उरलेलं देणं फेडून टाकंल, घराचे कागद बँकेकडं येतील, आन वर जी रक्कम मिळंल तिच्यात गिरणी. हप्त्याला भाडं हायेच की."

"आन गिरणी न्हाई चालली तर?"

"तर तुमच्या गाडीवर कंडक्टर व्हईन!"

रंगनाथ हसला, आणि हसला म्हणजे झालंच. घर त्याच्या नावावर होतं, सही त्याची लागणार होती.

बँकेत अश्विनी मॅडम म्हणून तरुण अधिकारी होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "घराची किंमत ठरवायला आमचा माणूस बेलापूरला जाईल. भाडेकरूंना आधी कळवून ठेवा," एवढं त्यांनी बजावलं. मनकर्णानं मान डोलावली आणि तिथून निघाली ती थेट यंत्रवाल्याकडं. नव्या यंत्रात रबराचे रोलर असतात, टरफल निघतं पण दाणा शाबूत राहतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं आणि त्या आनंदात भाडेकरूंना कळवायचं ती साफ विसरली.

तिसऱ्या दिवशी बँकेच्या माणसाचा फोन आला. "बाई, मी तुमच्या दारात उभा आहे. एक आजी आत येऊ देत नाहीत. टेप काढली तर विळा दाखवला."

मनकर्णाचा चेहरा पडला. पण क्षणभरच. "तिथंच च्या पीत बसा, आमी आलोच," म्हणाली. रंगनाथ ड्युटीवर होता, म्हणून मला ओढलं. संगमनेरला गाडी बदलून आम्ही बेलापुरात पोचलो, तर त्या आजी, भीमाबाई, उंबऱ्यातच बसून होत्या. पाथर्डीकडच्या. उभी हयात ऊसतोडीत गेलेली. त्यांची सून रेश्मा इथल्या दवाखान्यात नर्स होती, तिनंच हे घर भाड्यानं घेतलं होतं.

"दर साली कारखान्यावर जायचं, पाचटाची कोपी घालायची, हंगाम सरून पट्टा पडला की मोडायची," भीमाबाई कडाडल्या. "म्या एका जागी चूल पेटवली ती ह्याच घरात. आन तुमी न सांगता घर इकायला काढलं?"

मनकर्णा त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. "मावशी, चुकले मी. खुशीच्या भरात तुमाला सांगायचंच राहून गेलं. घर इकत न्हाई. त्याच्यावर कर्ज काढून भाताची गिरणी घेतेय."

"आन कर्ज थकलं तर? बँक आमालाच बाहीर काढंल का न्हाई?"

माझ्याही मनात तेच आलं होतं. तेवढ्यात ड्युटी संपवून रेश्मा आली, सगळं ऐकून शांतपणे म्हणाली, "काकू, आजवर तोंडी शब्दावर चाललं. आता पाच वर्षांचा करार नोंदवून द्या. आमच्या जिवाला घोर नको."

"आन भाडं थेट बँकेत भरा," मनकर्णा एकदम उजळली. "माझ्या हातात पडायच्या आधी घराचा हप्ता कापला जाऊ दे. मग थकायचा परश्नच न्हाई!"

पण बँकेला असा करार चालेल का? तिनं तिथूनच अश्विनी मॅडमना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"अहो, मी तोच मागणार होते!" पलीकडून आवाज आला. "नोंदलेला करार असला तर भाडं तुमचं उत्पन्न म्हणून धरता येतं. तुमच्या प्रकरणाला बळच येईल."

मनकर्णानं भीमाबाईंचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. आजी आधी गडबडल्या, मग दात नसलेल्या तोंडानं मनापासून हसल्या. चहाच्या टपरीवरून त्या माणसाला बोलावून आणलं, तर भीमाबाईच पुढं. "ही मोरीची फरशी आमी घातली, लिवा. हितं पाऊस गळत हुता, आता न्हाई गळत, लिवा की!" तो बिचारा मापं घेता घेता घामाघूम झाला.

त्यानंतर सगळं धावतच झालं. करार नोंदला. बँकेनं पतसंस्थेचं देणं चुकतं केलं, कागद इकडून तिकडं गेले. रंगनाथ खाकी कपड्यातच बँकेत येऊन सही करून गेला, बाहेर त्याची गाडी उभी होती म्हणे. हॉटेलवाला अजून भाव करत होता, तोवर आप्पासाहेबांनी किल्ल्या मनकर्णाच्या ओंजळीत घातल्या.

यंत्र टेम्पोनं आलं. ते उतरवायला अर्धी आळी लोटली. पहिलं पोतं डोंगरातल्या भिमाजी नावाच्या शेतकऱ्याचं होतं. बटण दाबलं, पट्टा फिरला, घरघर वाढत गेली आणि सगळे पुढं वाकले. एका बाजूनं तूस उडालं. दुसरीकडून तांदूळ येऊ लागला, लांब, अख्खा, कोमट. वास असा सुटला की पेठेतली माणसं दारात येऊन उभी राहिली. भिमाजीनं मूठभर तळहातावर पसरला, बोटानं चाळून पाहिला आणि यंत्राच्या आवाजावर ओरडला, "लई बेस! उद्या वाडीतलं समदं भात गाडी भरून आणतो!"

मनकर्णाला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. केसांत, भुवयांवर कोंडा, पदर कमरेला खोचलेला. ती वजनकाट्याजवळ उभ्या रंगनाथला दोन्ही हातांनी खुणा करत होती, "पुढचं पोतं आणा, पुढचं!" आणि रांग रस्त्यापर्यंत गेली होती.