वेलांकण्णीला दिलेले केस

कुंभकोणमला, साक्कोट्टैच्या रस्त्यावर आमच्या घरासमोर एक ख्रिस्ती शिंपीण राहते. वीस वर्षं माझी पोलकी तीच शिवते. तिची वेणी कमरेखाली यायची, आणि मशीनच्या चाकात अडकू नये म्हणून ती वेणी कमरेला खोचून बसायची. कापड द्यायला आलेल्या बायकांचे डोळे त्या वेणीवर. खोटं कशाला बोलू, मीही जळायचे.

गेल्या वर्षी तिचा नवरा मेंदूत रक्तस्राव होऊन तंजावरच्या दवाखान्यात पडला. दहा दिवस ती तिथल्या बाकावर बसून होती. अकराव्या दिवशी तो गेला.

महिनाभरानं तिची मुलगी रडत माझ्याकडे आली. अम्मा उद्या डोक्यावरचे सगळे केस काढणार आहे, कुणाचं ऐकत नाही, तुम्ही तरी सांगा म्हणाली.

माझं टाळकंच सटकलं. आमच्या मराठी घरात माझ्या पणजीचं केशवपन झालं होतं, एकोणिसाव्या वर्षी. मागच्या दारी न्हाव्याला बोलावून. नंतर जन्मभर तिनं लाल लुगड्याचा पदर कपाळावरून वर जाऊ दिला नाही, आणि सकाळी ती समोर आली की घरचीच माणसं तोंड फिरवायची. आई हे सांगताना दातओठ खायची. ते सगळं माझ्या रक्तात आहे. विधवेचे केस म्हटल्यावर मला दुसरं काही सुचेलच कसं?

अनवाणीच रस्ता ओलांडला. ओट्यावर तिचा मोठा दीर कॉफी पीत बसला होता. त्याला असा काही झाडला की विचारू नका. कोणत्या काळात राहता, लाजा नाहीत का, माझ्यादेखत तिच्या केसाला कुणी हात लावून दाखवावा. बिचारा पेला धरून नुसता बघत राहिला. नंतर कळलं, असं करू नको म्हणून सकाळपासून तोच तिच्या विनवण्या करत होता.

तेवढ्यात ती आतून आली, गळ्यात टेप तशीच. माझा हात धरून मला मशीनजवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तिनं देवाला शब्द दिला होता की नवरा घरी येऊ दे, वेलांकण्णीच्या चर्चमधल्या मातेपाशी येऊन मी केस देईन. आपल्याकडचे लोक तिरुपतीला देतात, तसे हे लोक तिथं देतात.

हात्तिच्या, मला तर हायसंच वाटलं. मग प्रश्नच मिटला, म्हटलं. नवस पावला तर फेडायचा, इथं पावलाय कुठं? त्यांच्या फादरनीही तेच सांगितलं होतं, की बाई, तू बांधलेली नाहीस.

तिनं टेप गुंडाळून खाली ठेवली.

"अक्का, त्या बाकावर बसून मी देवावर भरवसा टाकला होता. नवऱ्याला पुरलं, आता तो भरवसाही पुरून टाकू का?"

खरं सांगते, मला तिच्या देवाचा राग आला होता. दहा दिवस बाई हाका मारत होती.

मुलगी जाईना, म्हणून दुसऱ्या दिवशी बसनं मीच तिच्यासोबत गेले. न्हाव्यानं डोक्यावर पाणी मारलं, वेणी मुळाशी बांधली आणि वस्तरा लावला. चार-पाच मिनिटांत सगळं संपलं. ती शांत होती, रडले मी. मग डोक्याला चंदन लावून ती आत गेली आणि वेदीसमोर गुडघ्यांवर बसली. मी मागे खांबाला टेकून उभी होते. अंगावर सरसरून काटा आला. कुंभकोणमला जन्म गेला माझा, घरातून बाहेर पडलं की देऊळ, पण देवाकडे जाणारं प्रत्येक माणूस काहीतरी मागायला नाहीतर मिळाल्याचं सांगायला गेलेलं पाहिलं. हिच्याकडे दोन्ही नव्हतं. तरी ती तिथं ताठ बसली होती, आणि ज्याच्यासमोर बसली होती तो तिथं आहे याबद्दल मला, परधर्मीय बाईला, त्या क्षणी तिळभर शंका उरली नाही. भीतीच वाटली थोडी.

परतीच्या बसमध्ये ती आमच्या मध्ये बसली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नागपट्टिणमला निघालेली एक म्हातारी. तिनं ते चंदन लावलेलं डोकं पाहिलं, आणि घरात कोण बरं झालं म्हणून हसून विचारलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "नवरा गेला. शब्द दिला होता, म्हणून आले."

म्हातारीचं हसू विरलं. मग तिनं हात उचलला, त्या उघड्या डोक्याला हलकेच लावला, आणि तोच हात आपल्या दोन्ही डोळ्यांना लावला.

मला थोडा वेळ लागला. मग मीही लावला.