तळहाताने ऐकणारे काका

संगीतातला माझ्या काकांएवढा जाणकार उभ्या मुंबईत झाला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आणि ते दोन्ही कानांनी जवळजवळ ठार बहिरे होते. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. लालबागच्या चाळीत त्यांची खोली आमच्या खोलीला लागून. गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे जिथे कापड विणणारे माग चालतात तिथे, चार माग सांभाळता सांभाळता त्यांनी कान गिरणीला देऊन टाकले होते. बदल्यात गिरणीने त्यांना ओठ वाचायला शिकवलं. मागांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात. काका घरीही तसंच बोलायचे. त्यामुळे नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं की त्यातली फक्त मावशीची बाजू अख्ख्या मजल्याला ऐकू यायची आणि सगळी चाळ न ऐकताच काकांच्या बाजूने उभी राहायची.

संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. मावशी डबे करू लागली आणि बऱ्याच खटपटीनंतर काकांना कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर राखणदारी मिळाली. बहिरा राखणदार ठेवणारा मालक कोण महाभाग असेल, हा चाळीला पडलेला प्रश्न होता. काकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "चोर काय बोलतत ता माका लांबसून दिसता," असं ते छाती काढून सांगत. चोर कधी आले नाहीत. एकदा मात्र कोणीच सोडवून न नेलेलं, पाण्याने भिजलेलं एक खोकं मालकाने फेकून द्यायला सांगितलं आणि काका ते डोक्यावर घेऊन घरी आले. आत परदेशी कॅसेटी होत्या. कुठल्याही दुकानात न दिसणाऱ्या, कोणीही नाव न ऐकलेल्या पोरांनी आपले आपण गाऊन काढलेल्या.

काका गाणं ऐकायचे ते तळहाताने. आमच्या टेपरेकॉर्डरच्या जाळीवर पंजा ठेवून, डोळे मिटून, डॉक्टर पोट तपासतात तसे. सिनेमातल्या गाण्यांना ते दोन मिनिटांत नापास करत. "वरच्यावर चलता. ताणो ढिलो आसा," म्हणायचे. खोक्यातल्या निम्म्या कॅसेटी त्यांनी अशाच बाद केल्या. मग एक राखाडी कव्हरची लागली. कोणी तरी अंगात ताप असल्यासारखा गात होता आणि त्याच्याखाली जाड, संथ, एकसारखा ठेका. काकांचा हात पूर्ण बाजू संपेपर्यंत हलला नाही. इंग्रजीचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. कॅसेट थांबल्यावर त्यांनी जाहीर केलं, "ह्या पोरांची गिरण बंद पडलेली आसा."

मी खो खो हसलो. मी तेव्हा चित्रकलेच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो आणि जगातलं सगळं मला कळत होतं. पुष्कळ वर्षांनी कुठे तरी वाचलं, की ती चौघं विलायतेतल्या एका गिरण्यांच्या गावातली होती आणि ती गायला लागायच्या आधीच त्यांच्या बापांच्या गिरण्यांना टाळं लागलं होतं. तोवर माझं हसणं परत घेण्याची वेळ निघून गेली होती.

त्या कॅसेटने मला बिघडवलं, असं आई म्हणायची, आणि ते खरंच होतं. तोपर्यंत मी कॅलेंडरावर शोभतील असे सूर्यास्त काढत होतो. त्या कव्हरवर चेहरा नव्हता, सूर्य नव्हता, नुसता धुक्यातला एक विजेचा खांब होता, आणि तो बघताना मला आमच्या गिरणीची भोंगा नसलेली सकाळ आठवायची. उदास असणं ही माटुंग्याच्या पलीकडच्या सुशिक्षितांची चैन आहे, आपल्याकडे माणसं फक्त चिडतात नाही तर पितात, अशी माझी समजूत होती. आपल्या घरात जे साचलं आहे त्यालाही सूर असतो, रंग असतो, हे मला त्या कॅसेटने शिकवलं. मी सूर्यास्त फाडले आणि राखाडी रंगाच्या ट्यूबा विकत घेऊ लागलो.

काकांची चित्रं बघण्याची तऱ्हा तर आणखी वेगळी. एकदा हौसेने त्यांना फोर्टातल्या प्रदर्शनाला नेलं. मी एका चित्राचं मर्म समजावून सांगत होतो, तोवर काकांनी ते खिळ्यावरून उतरवून उलटं केलं आणि पाठीमागचं कापड नखाने मोजायला सुरुवात केली. पहारेकरी धावत आला. काका शांतपणे त्याला म्हणाले, "पुढसून सगळीच बरी दिसतत. विणकाम मागसून बघूक व्हया." आम्हाला बाहेर काढलं.

पण काकांचा सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा म्हणजे ते संपावर होते. बाकीचे केव्हाच हरून, विसरून, मरून मोकळे झाले होते. गिरणीच्या आवारात हॉटेलं आली, काचेची दुकानं आली, तरी काका गेटाच्या आत पाऊल टाकत नसत. पुतण्याच्या लग्नाची मेजवानी तिथल्याच हॉलमध्ये होती, तर हे इस्त्रीचा शर्ट घालून समोरच्या फुटपाथवर बसून राहिले. मी म्हटलं, "काका, संप कधीच संपला." त्यांनी विचारलं, "संपलो? मागे कोणी घेतल्यान? माका दाखव." संप मागे घेतल्याचं कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

आणि माझं पहिलं प्रदर्शन नेमकं त्याच गिरणीत लागलं. साचाखात्याच्या शेडमध्ये आता चित्रांचं दालन होतं. मोठं चित्र मी काकांच्या मागांचं काढलं होतं, रिकाम्या शेडमध्ये धूळ खात उभ्या चार मागांचं. दुसऱ्या कोणी त्याला बरं म्हणावं की वाईट, मला फरक पडत नव्हता. मला काकांनी ते बघायला हवं होतं. मी त्यांच्यापुढे हात जोडले, रागावलो, मावशीकडून सांगून पाहिलं. उद्घाटनाच्या संध्याकाळी ते आले ते गेटापर्यंत. तिथे उभं राहून, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी मला म्हणाले, "मी आत येवचंय नाय, झिला."

मग मी आत गेलो, भिंतीवरचं चित्र उतरवलं आणि दालनाच्या बाईंचा आरडाओरडा ऐकत ते गेटाबाहेर आणलं. काकांनी आधी ते उलटं केलं. "कापड बरा आसा." मग सुलटं केलं. पुष्कळ वेळ बघितलं. आणि डोळे मिटून त्यांनी रंगवलेल्या मागांवर तळहात टेकला.

"आवाज येणा नाय रे," ते म्हणाले.

आत पाहुण्यांसाठी वाद्यवृंद सुरू झाला होता, मला आवडतं तसलंच उदास काही तरी. काकांनी दुसरा हात लोखंडी गेटावर ठेवला आणि थोडे हसले. "ही पोरां पोटभर जेवलेली आसत." आणि रस्ता ओलांडून निघून गेले.

चित्राचा रंग पुरता वाळला नव्हता. त्या चार मागांवर काकांचा पंजा उमटला होता, पाची बोटं स्पष्ट. त्याच संध्याकाळी एकाने चित्र पसंत केलं, गिरणीच्याच जागेवर उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या दिवाणखान्यासाठी. बाई म्हणाल्या, एवढा डाग मात्र झाकून द्या. हा डाग नाही, असं मला म्हणता आलं असतं. चित्र विकायचं नाही, असंही म्हणता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रश घेऊन गेटातून आत गेलो आणि दहा मिनिटांत तो पंजा राखाडी रंगाने झाकून टाकला.

काकांनी पुढे चित्राबद्दल कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो, आणि त्यांनी ते माझ्या ओठांवर वाचलं असतं. आता ते नाहीत. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. कधी कधी लावतो आणि जाळीवर हात ठेवून बसतो, पण मला कानांनीच ऐकू येतं. ते चित्र कुठल्या मजल्यावर टांगलंय मला माहीत नाही. तिथल्या कोणी ते एकदा तरी उतरवून हात फिरवून बघावं, असं फार वाटतं. वरून रंग मीच लावला असला, तरी खाली काकांचा हात आहे.