काम माझं, टाळ्या भाच्याला

"टेबलाखाली शिर गं. वायर सैल झाली वाटतं."

सगळ्या मुख्याध्यापकांसमोर संस्थेचे अध्यक्ष मला म्हणाले. मी शिरले. त्या दिवशी माझं काम दाखवायचं होतं, म्हणून नवी साडी नेसले होते. सोलापूर, करमाळा, टेंभुर्णी, संस्थेच्या सगळ्या शाळांचे कॉम्प्युटर मी एकमेकांना जोडले होते. पासवर्ड कसा हवा, कुणाला काय उघडता येईल, पेनड्राइव्ह कुठं चालेल, सगळं आता मुख्य कार्यालयातून ठरत होतं. एसटीनं गावोगाव फिरून उभं केलेलं काम.

वायर खोचली. पडद्यावर चित्र आलं. वर अध्यक्षांचा आवाज, "हे सगळं आमच्या विक्रांतसाहेबांनी केलंय."

टाळ्या. विक्रांत म्हणजे त्यांचा भाचा. नुकताच पुण्याहून आलेला.

मी अजून टेबलाखालीच.

राग आला, असं सांगायला बरं वाटतं. खरं तर हेवा वाटला. जळले मी. त्याच्या खुर्चीवर. मामानं त्याच्या खांद्यावर ठेवलेल्या हातावर. सगळ्यात जास्त जळले ते वेगळ्याच गोष्टीवर. कुणी काही विचारलं की तो हसून म्हणायचा, "माहीत नाही, बघून सांगतो." कुणाला काही वाटायचं नाही. माझं एकदा उत्तर चुकलं, तर मागून ऐकू आलं होतं, "कोट्यातनं आलं की असंच." त्याला चुकायची मुभा होती. मला नव्हती.

आई टेंभुर्णीला धाब्यावर भाकऱ्या थापते. तिनं फोनवर विचारलं, "तुजं नाव घेतलं का गं?"

"न्हाय."

"मग तू का न्हाय घेतलंस? तोंड हाय की तुला."

माझं नाव ते घेतील, याची मी इतकी वर्षं वाट बघत बसले होते.

पुढच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "आता विक्रांत कॉम्प्युटरचा विभागप्रमुख. सगळे अधिकार त्याच्या नावावर कर, तू त्याच्या हाताखाली राहा. आणि जाताना चहा सांग सगळ्यांना."

मी उठले.

"चहा सांगणार नाही, सर. अधिकार त्याच्या नावावर करायचे तर तसं लेखी द्या. आणि हे काम मी केलंय."

मग माझं पूर्ण नाव घेतलं. आडनावासकट. आजवर ते आडनाव मी पुटपुटत सांगायचे. त्या दिवशी मोठ्यानं सांगितलं. विक्रांत मोबाइलमध्ये बघत राहिला.

"लई शहाणी झालीस," अध्यक्ष एवढंच म्हणाले.

माझी करमाळ्याच्या शाळेत बदली झाली. खुर्चीवर भाचा बसला.

हेवा अजून गेलेला नाही. मला तो घालवायचाही नाही. विभागप्रमुखाचं पद माझं आहे, असं मी संस्थेला लेखी कळवलंय. त्यांनी दिलं नाही तर कोर्टात मागीन. गप्प बसून आता काहीही सोडणार नाही.