ओळंब्याची भिंत

सगळे त्याला ओळंबा म्हणत. हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. गवंडीकामाच्या उमेदीत तो कुणाच्याही भिंतीला दोरीचा ओळंबा लावून, ती सरळ नाही म्हणून नाक मुरडायचा. आता ऐंशीच्या घरात तो स्वतःच काठीशिवाय सरळ उभा राहत नव्हता, आणि इतरांनी म्हणायच्या आत तोच ते सांगून मोकळा होई.

शेतावरच्या जुन्या दगडी कोठाराच्या पश्चिमेच्या भिंतीला पोट सुटलं होतं. मालकीणबाईंनी त्याला बोलावणं धाडलं. तुम्ही पाडा म्हणालात तर सगळं कोठार पाडू, म्हणाल्या.

तीन भिंती दीडशे वर्षांच्या. पायाशी दोन हात रुंद, वर निमुळत्या होत आत झुकलेल्या. अधूनमधून एखादा लांब दगड भिंतीच्या आरपार गेलेला, दोन्हीकडून डोकं बाहेर काढून. चौथी, ही पश्चिमेची, मात्र गुळगुळीत, ओळंब्यात बांधलेली. ती चाळीस वर्षांपूर्वी पडल्यावर त्यानेच नव्याने बांधली होती. ती बाहेर आलेली डोकी त्याला तेव्हा गबाळी वाटली. म्हणून त्याने प्रत्येक लांब दगडाचे दोन तुकडे केले, आतला थर वेगळा रचला, बाहेरचा वेगळा. इतकी वर्षं बाहेर आलेत ते काही कामानेच आले असतील, असं बायको म्हणाली होती. तिला त्याने चुलीकडे बघायला सांगितलं होतं. आता दोन्ही थर रुसलेल्या जावांसारखे एकमेकांपासून दूर सरकले होते.

ती भिंत कुणी बांधली हे आठवणारं आता कुणी उरलं नव्हतं. पाडा म्हटलं की सुंठीवाचून खोकला जाणार होता. त्याने भिंतीला ओळंबा लावला. सवयीने नाक मुरडलं.

"कोठार ठणठणीत आहे," तो म्हणाला. "ही एक भिंत तेवढी कुणा दीडशहाण्याने बांधलीय."

"कोण हो तो?"

"तुमच्यासमोर काठी टेकून उभा आहे."

बाई हसल्या नाहीत, त्यामुळे त्याला जास्तच लागलं. मग त्यांनी भिंत पुन्हा बांधायला काढली आणि देखरेखीला त्यालाच खुर्चीवर बसवलं.

तिसऱ्या दिवशी नव्या गवंड्याने एका लांब दगडाकडे बोट दाखवलं. "आजोबा, हे डोकं फार पुढे येतंय. तोडून दोन्ही बाजूंना बसवू? भिंत देखणी दिसेल."

"बसव की," ओळंबा म्हणाला. "फक्त ही खुर्ची जपून ठेव. चाळीस वर्षांनी तुला लागेल."

गवंड्याने छिन्नी खाली ठेवली.