सहा वाजताची नाडी

शालू, कागदावरच का होईना, जरा जवळ सरक. आणि आधी बोलणी खा. दोन वर्षं झाली, रोज सकाळी तुझं एक गुलाबाचं फूल माझ्या फोनमध्ये येतं. तू, माझी शाळेपासूनची मैत्रीण, पुण्याहून काही येत नाहीस. फुलावर काय रागवायचं? मी तुझ्यावर रागावले आहे. का, ते कळायचं तर तुला आमची कुसुम सिस्टर कळायला हवी.

अकोल्याच्या आमच्या गल्लीत, माझ्या दारासमोरच ती राहायची. तीस वर्षं नर्स. भेटली की ‘कशी आहेस’ विचारायची नाही. आधी मनगट धरायची. डोळे घड्याळावर, ओठ मोजणीत. भाजीवाल्याचीही नाडी पाहून झाल्यावरच मेथीचा भाव. मी म्हणायची, “सिस्टर, रिटायर झाली ना वं तू?”

“तोंड खोटं बोलते बाई. नाडी नाई बोलत.”

तिचे यजमान, वानखडे सर, सहा महिने अंथरुणाला खिळले होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिनं फोनवर हवेची गादी शोधली होती. सर गेले. पुण्यानुमोदनाचं जेवण झालं, पाहुणे पांगले, आम्ही दोघी ओट्यावर टेकलो. तिनं फोन उघडला, तर पहिलीच जाहिरात गादीची. पुढं महिनाभर तेच. नातेवाइकांचे फोटो पाहावे, मध्ये गादी. बातमी वाचावी, खाली गादी.

“माणूस गेला वं,” ती हळूच म्हणाली, “अन् हा अजून त्याचीच गादी विकून राह्यला मले.” तिला रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं फोनमधली सगळी मोठी मोठी ॲप काढून टाकली. नकाशासुद्धा. वलगावला एका लग्नाला निघालो तर म्हणे रस्ता माणसाला विचारायचा. चुकलो, एका वावरात जाऊन पोचलो. तिथल्या म्हातारीनं पाणी दिलं, चहा पाजला, वर बोरं बांधून दिली. लग्न लागून गेलं होतं. मी फुगून बसले, तर ही म्हणते, “काहून फुगली? फोनच्या बाईनं कधी बोरं देल्ली का तुले?”

मग तिनं एक साधं ॲप शोधलं. जाहिरात नाही, कुणी कान लावून बसलेलं नाही, नुसता निरोप जायचा आणि यायचा. दोन दिवस चष्मा पुसत ती स्वतःच ते शिकली आणि गल्लीतल्या आम्हा पाच जणींच्या फोनमध्ये घालून दिलं. मी चौथी शिकलेली. टाइप करायलाही तिनंच शिकवलं. पण लग्नाच्या पत्रिका, नातवंडांचे फोटो, सगळं जुन्या ॲपमधल्या गल्लीच्या मोठ्या ग्रुपवरच. एकेक बाई गळाली. मी दोन्हीकडे होते. ती मात्र त्या साध्यावरच. शेवटी त्या ॲपवर आम्ही दोघीच उरलो.

मी हसून म्हटलं, “समोरासमोर राह्यतो आपण, हे कायले पायजे?”

ती हसली नाही. “राती मले काई झालं तं सकाळी कोणाले समजन?” तिचा मुलगा दूर बेंगळूरला. तिनं नियमच घालून दिला. सकाळी सहाला ती लिहिणार, ‘उठली का?’ मी लिहायचं, ‘उठली.’ तिचा निरोप सातपर्यंत आला नाही तर मी तिचं दार वाजवायचं; माझं उत्तर आलं नाही तर तिनं माझं. “नाडी पायते मी तुही, अन् तू माही,” म्हणायची. तीन वर्षं एक दिवस खाडा नाही.

मागच्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणाला मी अमरावतीला गेले. सकाळी फोन वाजला की बाळ दचकायचं, म्हणून त्या ॲपचा आवाज मी बंद केला. माझ्याच बोटानं. मग उघडायचं राहूनच गेलं. आज बघू, उद्या बघू. आणि मोठ्या ग्रुपवर मात्र नातवाचे फोटो टाकत होते हं मी, जिथं ती नव्हती.

बाविसाव्या दिवशी त्याच ग्रुपवर तिचा फोटो आला. खाली जोडलेल्या हातांची रांग. सोडून गेलेल्या सगळ्या जणींची. दाराशी दुधाच्या दोन पिशव्या तशाच पडलेल्या दिसल्या, तेव्हा कुणीतरी दार वाजवलं होतं.

मी ते ॲप उघडलं. ‘उठली का?’ ‘उठली का?’ रोज, बरोबर सहाला. एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘बाळंतीण बरी हाय ना? कामात असशीन. उत्तर नको देऊ, मी विचारत राह्यते.’ सगळ्यात शेवटी, एका संध्याकाळी, ‘पातोडीची भाजी केली. तुही आठवण आली.’ त्यानंतर दोन सकाळी काहीच नाही.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली, कुणी काही करू शकलं नसतं. असेल. पण दोन दिवस बाई, दोन दिवस ती तशीच पडून होती, आणि दार वाजवायचं, निदान फोन करून कुणाला तरी वाजवायला सांगायचं, काम माझं होतं. निरोप आला नाही हे कळायची सोय तिनं जगात एकाच माणसाकडं ठेवली होती.

मी आता सहाला उठते आणि समोरच्या कुलपाकडं पाहते. तुझा गुलाब येतो साडेसहाला. तो तू हसत पाठवलास, रडत, की नुसत्या बोटाच्या सवयीनं, मला काय कळणार?

म्हणून म्हणते, फूल नको. पुण्याहून गाडीत बस आणि ये, याच महिन्यात ये. पातोडी करते. दारात आलीस की बॅग नंतर ठेव, आधी हात पुढं कर. मोजता येत नाही मला तिच्यासारखं, पण धरून बसेन.