चाचांनी काढलेला पंख

आमच्या खोपोलीत माणूस फोटोत जसाच्या तसा दिसायचा तो फक्त मोहियुद्दीनचाचांच्या स्टुडिओत. गिऱ्हाईक कुरकुरलं की चाचा म्हणायचे, "तोंड तुजं हाय, मी काय करू?" धंदा बुडायला आला तेव्हा त्यांनी मला कॉम्प्युटरवर बसवलं. नवऱ्यामुलींचे मुरुम पुसायचं काम माझं. त्यात मी भलताच पटाईत झालो, आग लागो त्या हाताला.

चाचांचा जीव मात्र पतंगांत. दिव्याखाली मरून पडलेले पतंग ते काड्यापेटीत जपून आणायचे. कॅमेऱ्याला मायक्रोस्कोपचं भिंग लावून एकेका पंखाचे साठ-साठ फोटो काढायचे, दर वेळी केसभर पुढे सरकून. इतक्या जवळून एका फोटोत जेमतेम एक पदर स्पष्ट येतो. मग मी ते साठ जोडून एक करायचो. पंखावरचे खवले कौलांसारखे रचलेले दिसायचे.

गेल्या पावसाळ्यात पळसदरीला त्यांना एक वेगळाच पतंग सापडला. मोबाइलवरचा फोटो बघून पुण्यातल्या एक अभ्यासक बाई म्हणाल्या, "हा या भागात कुणी नोंदवलेला नाही. पंखाचा जवळून फोटो पाठवा, नोंद तुमच्या नावावर करू." चाचा हवेतच! "आरं, लोकांची लग्नं काढण्यात जन्म गेला. एक तरी फोटो माज्या नावाचा हुंदे."

साठ फोटो काढून झाले. "नवीन, जोड आणि पाठवून दे," म्हणत चाचा नमाजाला गेले. पंखावर एके ठिकाणी खवले झडून टक्कल पडलं होतं. मला बघवेना. शेजारचा ठिपका उचलून, तोच तीनदा उमटवून मी ती जागा भरली आणि फोटो पाठवला. चांगलंच करतोय असं वाटलं हो मला!

दोन दिवसांनी बाईंचा फोन. एकच ठिपका चार जागी हुबेहूब कसा? चाचा भडकले. "अल्लाची शपथ, मी कायबी केलं नाय! हा नवीन होता ना समोर, इचारा त्याला." फोन माझ्या हातात.

पतंग तोवर मुंग्यांनी नेला होता. पण मूळचे साठ फोटो माझ्याकडे होते. खरं बोलून ते पाठवले असते तर चाचा सुटले असते. मी म्हणालो, "मॅडम, होता तसाच आहे." मूळ फोटो मागितले तर म्हणालो, उडाले. संध्याकाळी खरोखरच उडवले. भेकड साला मी.

बाईंनी कळवलं, बनावट फोटो आम्ही घेत नाही.

चाचांनी भिंग पुसून कपाटात ठेवलं. माझ्यासाठी चहा मागवला. "जाऊ दे रं नवीन," म्हणाले, "त्यांनी नाय मानलं, पण तू माज्या बाजूनं उभा राहिलास."