सुईवाली माणसं शोधत: कारंजा, पोहरादेवी, वाशीम

आईची अट एकच होती. "पह्यले चार दिवस घराभाइर राहून दाखव. सुई तूच भरायची, तूच टोचायची. एकबी डाव चक्कर येऊन पडली तं हाष्टेलचं नाव काढू नोको."

हॉस्टेल वाशीमचं, अध्यापक विद्यालयाचं. मी अठरा वर्षांची, मॅट्रिक झालेली, आणि बाराव्या वर्षापासून रोज सकाळी इन्सुलिन घेणारी. साल पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराचं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि आम्ही कारंज्यात, कापसाच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर. बाबा बाजार समितीत कारकून. सहा वर्षं माझी काचेची पिचकारी आईच उकळायची, आईच भरायची. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी तापवायची, रंग हिरवट आला की ठीक, विटकरी आला की आईचा चेहरा बघवत नसे.

या सहा वर्षांत सुई घेणारं दुसरं माणूस मी पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, असतात. कुठे असतात, ते सांगत नसत. म्हणून या सहलीचा माझा खाजगी कार्यक्रम ठरला होता: परीक्षा पास व्हायची, आणि जमलं तर आपल्यातलं एक तरी माणूस शोधून काढायचं.

पहिला दिवस: कारंजा ते मानोरा

सोबत आत्या होती. बाबांची बहीण, मानोऱ्याला प्राथमिक शाळेत मास्तरीण. आमच्या घरात देवधर्म नव्हता, पण आत्याला जत्रेचं वेड. "मले देवाचं काई नाही. मले माणसं पाह्याची असतात," असं ती सगळ्यांना सांगून मोकळी व्हायची. रामनवमीला पोहरादेवीची जत्रा, तिथून वाशीमला जाऊन कॉलेजचा फॉर्म आणायचा आणि मंगरूळपीरवरून परत, असा बेत तिनेच आखला.

सामान: दोन लुगडी, दोन साड्या, दशम्या, स्पिरिटची बाटली, पिचकारीची स्टीलची डबी, लघवी तपासायची नळी आणि निळं औषध, खडीसाखरेची पुरचुंडी, आणि बाबांचा थर्मास. त्यात बर्फ आणि बर्फात इन्सुलिनची एकच बाटली. एकच, ही माझी पहिली चूक. तुम्ही इन्सुलिन घेत असाल आणि चैत्रात वऱ्हाडात फिरणार असाल, तर दोन बाटल्या घ्या आणि दोन पिशव्यांत ठेवा. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल.

एसटीत खिडकीशी बसून मी माणसं तपासायला लागले. बिनसाखरेचा चहा मागणारा कोण, जेवणाआधी घड्याळ बघणारा कोण, स्पिरिटचा वास कुणाला येतो. आणि नशीब असं, की पुढच्याच बाकावर एक मिशीवाले गृहस्थ मांडीवर थर्मास आणि स्टीलची लांबट डबी घेऊन बसलेले. थोडा वेळ धीर गोळा केला आणि पुढे वाकून विचारलं, "काका, तुम्ही रोज किती घेता?"

त्यांनी मान वळवली. "काय किती घेतो?"

"सुई."

"मी कायले घेऊ बाई? म्हशीले देतो." त्यांनी डबी उघडून दाखवली. आत माझ्या मनगटाएवढी पिचकारी. ते गुरांच्या दवाखान्यातले निघाले. मानोऱ्यापर्यंत आत्या तोंडात पदर कोंबून हसत होती. त्यांना मात्र माझी काळजी वाटली असावी. उतरताना त्यांनी आपल्या थर्मासातला थोडा बर्फ माझ्या थर्मासात ओतला.

रात्री आत्याकडे ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ताक. मुक्काम फुकट. सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पिचकारीवरच्या वीस रेघांपर्यंत औषध भरलं आणि मांडीत टोचलं. आत्याने डोळे मिटून घेतले होते.

दुसरा दिवस: पोहरादेवी

मानोरा ते पोहरादेवी तेव्हा जत्रेच्या जादा गाड्या सोडत, तरी निम्मी माणसं बैलगाडीने येत. आज रस्ता चांगला आहे. गर्दी मात्र तेव्हाची आणि आताची सारखीच, नवमीला गेलात तर चालायची तयारी ठेवा. आरशांच्या घागऱ्यातल्या बंजारा बाया, ऊन त्या आरशांवर पडून सगळ्यांच्या तोंडावर नाचत होतं. आत्या आनंदात न्हाऊन निघाली होती. दर दहा पावलांवर ओळख काढायची, चौकशी करायची, आणि पुढे.

दुपारी गर्दीचा एक लोंढा आला. पिशवी चेंगरू नये म्हणून आत्याने ती झटक्यात वर उचलली आणि ती शेजारच्या बैलगाडीच्या चाकावर आदळली. थर्मासाच्या आतली काच फुटल्याचा आवाज ज्याने ऐकलाय तो विसरत नाही. आम्ही बाजूला टरबुजांच्या ढिगाशी बसलो, झाकण काढलं. काचा, बर्फाचं पाणी, आणि तळाशी तडकलेली बाटली.

उद्या सकाळी सुई नाही. म्हणजे आजच कारंज्याला परत. आणि आईला काय सांगणार, की एका दिवसात बाटली फोडून आले? मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. आत्या काचा वेचत "माह्याच हातानं झालं" म्हणत बसली.

"सुई घेतं का माय?"

ढिगापलीकडून आवाज आला. टरबुजं विकणारी बाई, पंचेचाळिशीची, डोक्यावर पदर, हातात सुरी.

"तुह्या थर्मासातून चाचा वास नाही आला, दवाखान्याचा आला," ती म्हणाली. "मी बी घेतो. तेवीस वर्सं झाले."

मी जिला शोधत होते तिनेच मला शोधून काढलं होतं. तिचं नाव कौसाबाई, मंगरूळपीरजवळ त्यांचं बागायत, काकड्या, टरबुजं, वांगी. तिने ढिगाखालची ओली वाळू हाताने उकरली आणि एक छोटं मडकं काढलं. मडक्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन बाटल्या. बर्फ नाही, थर्मास नाही. "वाळूवर पाणी मारत राह्यचं. बर्फ फुकटचा नखरा हाय," ती म्हणाली. ही युक्ती मी पुढे कित्येक वर्षं वापरली आणि आजही विजेचा भरवसा नसेल तिथे सांगते.

मग आम्ही बोलत सुटलो. दुखतं का, कुठे टोचते, पिचकारी कशात उकळते. टरबुजं विकते आणि खात नाही? "खातो ना. एक फाक. पोरं मोजतात," असं म्हणून ती हसली. तिला दोन मुलगे. मोठा सुईच्या आधीचा, "अन् लहाना सुई घेता घेता झालेला, म्हशीवानी ताकदीचा".

"तुम्ही किती रेघा घेता?" मी विचारलं.

"दहा. तू?"

"वीस."

ती चुकचुकली. खरं सांगते, मला जरा अभिमानच वाटला. तिचा आजार दहा रेघांचा, माझा वीसचा. एक बाटली तिने माझ्या हातात ठेवली. पैसे घेईना. "पोचव कवातरी," म्हणाली. औषधाचं नाव वाचलं, तेच होतं. औषधही तसंच दुधाळ. ओल्या मडक्यात राहून लेबल अर्धं उडालं होतं. मी ती बाटली फडक्यात गुंडाळली आणि एक नवं मडकं विकत घेतलं.

तिसरा दिवस: वाशीम

जत्रेतून रात्री परत आत्याकडे आलो होतो. मानोऱ्याहून सकाळी सुई घेऊन, भाकर खाऊन निघालो. वीस रेघा, नेहमीसारख्या. मंगरूळपीरला गाडी बदलली. रस्त्यात खड्डे होते की खड्ड्यांत रस्ता, हा वाद प्रवाशांत रंगला होता. दुपारी बाराच्या आत वाशीमला उतरलो. कचेऱ्या, वकिलांचे काळे कोट, स्टेशनकडे पळणारे टांगे. मला गाव पाहताक्षणी आवडलं. इथे मी राहणार, असं मनातल्या मनात म्हणून घेतलं.

कॉलेजच्या कचेरीत कारकुनाने फॉर्म दिला. मी टेबलाशी उभी राहून नाव लिहायला घेतलं आणि अक्षरं वर चढायला लागली. हात थरथरले. पाठीवरून घामाच्या धारा. ही चक्कर मी ओळखत होते. साखर उतरल्याची. पण का? भाकर खाल्ली होती, सुई नेहमीची होती. मी मटकन खुर्चीत बसले, पुरचुंडी उघडली आणि सगळी खडीसाखर तोंडात कोंबली. कारकून म्हणाला, "पोरगी घाबरली. पाणी आना." आत्याने त्याच्याकडचा चहा उचलून मला पाजला, त्यात सहा चमचे साखर घालून. माणूस भला, साखरेचा डबा त्यानेच पुढे केला.

डोकं जागेवर आलं तेव्हा पहिली गोष्ट केली ती मडक्यातली बाटली काढली. ओलं लेबल उजेडात धरलं. माझ्या बाटलीवर चाळीस युनिट लिहिलेले असायचे. हिच्यावर ऐंशी होते. दुप्पट कडक औषध. दहा रेघा म्हणजे माझ्या वीसच. आमचा आजार तोलून मापून सारखा होता, आणि मी अभिमानापायी आकडा न बघता दोन दिवसांचं औषध एकदम टोचून घेतलं होतं.

"मंग आता?" आत्याचा आवाज बारीक झाला.

"आता हे औषध संध्याकाळपर्यंत काम करणार. तोवर खात राहायचं. थांबायचं नाही."

आणि वाचकहो, इथून पुढचं वाशीमचं खाद्यवर्णन वैद्यकीय आहे. सहा वर्षांत मी जिलेबी चाखली नव्हती. त्या दुपारी स्टँडजवळच्या हॉटेलात पाव किलो खाल्ली, गरम, पाक हातावरून कोपरापर्यंत ओघळलेला. तासाभराने केळी. मग बाजारात उसाचा रस, बिनबर्फाचा. मग पेढे. मग आलूबोंडा आणि गोड चहा. दर तासाला आत्या घड्याळ बघून "चाल, औषधाची वेळ झाली" म्हणायची आणि पुढच्या दुकानात न्यायची. वाशीमची जिलेबी कुठली चांगली, हे मला आजही लोक विचारतात. ते दुकान आता नाही. बाकी सगळ्या जिलेब्या त्या एका जिलेबीहून कमीच आहेत, पण त्याला मी काय करू?

संध्याकाळी आत्याच्या मैत्रिणीकडे मुक्काम. नळी तापवली. एवढं खाऊनही रंग निळाच, साखरेचा मागमूस नाही. त्यानंतरही झोपण्याआधी दूध-भाकर खाल्ली.

चौथा दिवस: घरी

सकाळी दहा रेघा भरल्या, तीनदा मोजून. वाशीम, मंगरूळपीर, कारंजा असा सरळ रस्ता, आजही सोयीचा तोच. मंगरूळपीरच्या स्टँडवर चहा घेताना आत्या म्हणाली, "वहिनीले सांगू नोको. फॉर्म भेटला, तू धडधाकट हायस. विषय संपला."

मला ते पटलं होतं. घराच्या दारापर्यंत पटलेलं होतं. आईने पहिला प्रश्न विचारला, "आली होती का चक्कर?" आणि मी तिच्या तोंडाकडे पाहून खोटं बोलू शकले नाही. सगळं सांगितलं. थर्मास, टरबुजं, वीस रेघा, कचेरी, जिलेबी. आत्याने कपाळावर हात मारला.

आईने बाटली हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. हॉस्टेल गेलं, हे मी धरूनच चालले होते. मग तिने विचारलं, "त्या बाईचं वय काय असंन?"

"पंचेचाळीस असेल."

"अन् किती वर्सं झाली म्हनली सुईले?"

"तेवीस."

"लेकरं?"

"दोन. एक सुई सुरू झाल्यावरचं."

तिने ते सगळं पुन्हा विचारलं. त्याच क्रमाने. मी पुन्हा सांगितलं. मग ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मी बी पाहात राह्यतो ना. बाजारात, दवाखान्यात, गाडीत. सहा वर्सं झाले. सुई घेऊन एवढी मोठी झालेली बाई मले कुठीच दिसली नाही. म्हून तुले भाइर धाडाले जीव होत नव्हता."

मी समजत होते की शोधणारी मी एकटीच आहे.

"पण आई, चक्कर तर आली."

"आली. अन् तुले समजलं काहून आली ते. मले नसतं समजलं. मी वीसच भरल्या असत्या, अन् आंग गळते म्हनली असती तं तुले झोपू देलं असतं." तिने हात पुढे केला. "फारम आन. तुह्या बाबाले सही कराले लावतो."

जूनमध्ये मी वाशीमला राहायला गेले. पहिल्याच रविवारी आईला घेऊन मंगरूळपीर गाठलं, कौसाबाईला बदल्यात नवी बाटली द्यायला. दोघी विहिरीवर बसून तीन तास बोलल्या. मला मध्ये बोलू दिलं नाही.

आता मी सत्तरीकडे झुकलेय आणि माझ्या कमरेला इन्सुलिनचा पंप आहे. सून म्हणते, पदराखाली घाला, लोक बघतात. मी तो बाहेर लावते. कारंज्याच्या स्टँडवर, वाशीमच्या बाजारात, दवाखान्याच्या रांगेत. एखादी बाई पोरीचा हात धरून जवळ येते, घुटमळते, आणि मला वय विचारते. मी दोन वर्षं वाढवूनच सांगते.